लाल चिंधी, निळी चिंधी

वहिनी, भेंडी मोजून झाली.

तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली. मंडप सोडायला माणसं यायची होती, दादा ओसरीवर नुसता बसून होता आणि मला त्याच्या शेजारी बसवेना. म्हणून मागच्या वाडीत गेलो आणि ज्या कामासाठी तुम्ही मला रविवारी गोंदियाहून बोलावलं होतं ते काम केलं. त्या रविवारी मी येणारच होतो. पण तुम्ही गुरुवारी गेलात. सकाळी छातीत कळ आली, दादानं गाडी काढली आणि दवनीवाड्याहून गोंदियाचा दवाखाना गाठायच्या आधीच सगळं आटोपलं. मला अजून तुमचा राग येतो. तीन दिवस थांबायला काय झालं होतं?

झाडांच्या बुडाशी तुम्ही बांधलेल्या चिंध्या तशाच होत्या. निम्म्या झाडांना लाल, निम्म्यांना निळी. निळ्या चिंधीची झाडं बहुतेक सगळी हिरवीगार उभी आहेत. लाल चिंधीच्या बहुतेकांना केवडा झालाय, पानांच्या शिरा पिवळ्याजर्द, भेंड्याही पिवळ्या आणि वाकड्या. पांढरी माशी या पानावरून त्या पानावर विषाणू नेते आणि केवडा पसरतो, हे मला तुम्हीच शिकवलं. फरक लांबूनच दिसत होता. तरी एकेक झाड मोजलं, कारण नुसत्या नजरेनं सांगितलं असतं तर तुम्ही मला सोडलं नसतं.

आता सांगा, दवा कोणत्या रंगाला मारली होती?

हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि कुणालाही सांगू नका, मला तर मुळीच नाही, अशी ताकीद मीच दिली होती.

या घरात तुम्ही आलात नव्व्याण्णव साली. वनस्पतिशास्त्रातली बी.एस्सी. झालेली सून आणली म्हणून गावात कौतुक होतं आणि तुम्ही मात्र आल्या आल्या मलाच परीक्षेला बसवलंत. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो, अंगात मास्तरकीचा ताठा होता. आपल्या घरात सगळे पोवारी बोलतात. तुमचं माहेर साकोलीकडचं, तिथं झाडीबोली. पोवारी तुम्हाला सगळी समजायची, पण जीभ वळायची ती माहेरच्याच बोलीकडे, आणि प्रश्न विचारायचा असला की हमखास.

"का जी भाऊजी, धानावर मारतो तेबी दवा, आन् ताप आल्यावर खातो तेबी दवा. असं काऊन?"

मी म्हटलं, शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही. एक कीटकनाशक, दुसरं औषध.

"मंग लोकं येडे हायेत का, एकच शब्द वापरून राहिले?"

दादा आतून तुमच्याच बोलीत ओरडला, "कायले त्याचं डोकं खाऊन राहिली?" तुम्ही हसलात. हा वाद पुढं इतकी वर्षं चालेल असं मला काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, नवी नवरी आहे, चार दिवसांत भात रांधण्यात बुडून जाईल. तुम्ही भात रांधलात, रोवणीच्या दिवसांत बायांच्या बरोबरीनं चिखलात उतरलात, स्वातीला वाढवलंत, आणि प्रश्न तेवढाच्या तेवढा राहिला.

पुढं कृषी केंद्रातून ती बाटली आली. दुकानदारानं दादाला धानासाठी 'टॉनिक' म्हणून दिली होती. तुम्ही बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत आणि मला विचारलंत, हे होमोब्रासिनोलाइड काय असतं? मी सांगितलं, झाडाचं संप्रेरक आहे, पहिल्यांदा सापडलं ते मोहरीच्या जातीतल्या एका झाडाच्या परागात. माणसाच्या अंगात जशी संप्रेरकं असतात, कुठं किती वाढायचं, कधी थांबायचं हे ठरवणारी, तशी झाडातही असतात. तुम्ही सुपात तांदूळ निवडत होतात. "काढून दाखवा," म्हणालात. मी तांदळात बोटानं चार कडी काढली, एकमेकांना चिकटलेली, त्यातलं एक जरा फुगलेलं. आणि शेजारी आपल्या शरीरातल्या संप्रेरकांची चार कडी काढली.

"चकल्या चिकटल्यावानी दिसून राहिल्या," तुम्ही म्हणालात. मग बराच वेळ दोन्ही चित्रांकडं बघत राहिलात. "एकाच सोऱ्यातून निघाल्या जी या."

मी म्हटलं, सारखं दिसतं म्हणून काम सारखं होत नाही. तुम्ही सूप हलवून माझी दोन्ही चित्रं मोडलीत आणि खडे वेचायला लागलात.

दादानं टॉनिक धानावर मारलं. उरलेलं तुम्ही वाडीतल्या भेंडीवर मारलंत, नुसतंच, वाया जाऊ नये म्हणून. आणि त्या पावसाळ्यात आपल्या भेंडीला केवडा कमी झाला. निदान तुमचं म्हणणं तसं. माझं म्हणणं, त्या वर्षी माशीच कमी असेल. यावरून आपण भाऊबीजेच्या ताटावर भांडलो. तुमचे भाऊ साकोलीहून आले होते, ते बिचारे पाटावर बसून कधी तुमच्याकडं बघत, कधी माझ्याकडं. त्यांना वाटलं असेल, दीर-भावजयीत वाटणीवरून बिनसलं आहे.

त्या वेळी तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर मी नीट दिलं नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. "झाडाले ना रक्त, ना पांढऱ्या पेशी, ना गोंदियाचा दवाखाना. मंग त्याले विषाणू लागला तं ते करते काय?" मी पुस्तकं उघडली ती तुमच्या या प्रश्नामुळं. मग कळलं की झाड आपल्या संप्रेरकांकरवीच निरोप पाठवतं, एका पानाला मार बसला की दुसरी पानं सावध होतात. टॉनिकातलं संप्रेरक विषाणूला थेट मारत नसावं, झाडालाच तयार करत असावं. हे सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, म्हणजे जागल, रात्री शेताची राखण करतात ती. "दवा रानडुकराले नाही मारत, माचानावर झोपला त्याले उठवते." मी वर्गात हा भाग शिकवताना अजून तुमचीच जागल सांगतो. पोरांना ती पुस्तकापेक्षा लवकर समजते.

आपण नागझिऱ्याला गेलो होतो ते आठवतं? गाडीतले सगळे वाघासाठी श्वास रोखून बसलेले आणि तुम्ही ड्रायव्हरला थांबवलंत, कारण एका वेलीच्या पानावर तुम्हाला पिवळे ठिपके दिसले. "जंगलातल्या झाडाले कोण दवा मारते? तरी जगून राहिलं ना?" गाइडनं माझ्याकडं दयेनं बघितलं. वाघ दिसला नाही म्हणून स्वाती घरी येईपर्यंत फुगून बसली होती.

मग तुम्हाला नागीण झाली.

डाव्या बरगडीवर पुळ्यांचा पट्टा उठला आणि घरात जो तो गेरू घेऊन धावला. शेजारच्या काकी तर बोटानं मोजत होत्या, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळायला किती अंतर उरलं ते. दोन टोकं भेटली की माणूस जातो म्हणे. तुम्हाला गोंदियाला नेलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की लहानपणी ज्यानं कांजिण्या झाल्या तोच हा विषाणू, इतकी वर्षं तुमच्या मज्जातंतूच्या मुळाशी झोपून होता. तुमचा चेहरा उजळला. इतक्या दुखण्यात कुणाचा चेहरा उजळलेला मी पाहिला नव्हता. "म्हंजे हा माह्याच घरात राहून राहिला, आन् मलेच पत्ता नाही!"

त्या गोळीची रचना मी तुम्हाला दाखवली, ती माझी चूक असेल तर असो. दोन कडी जोडलेली असतात तिच्या मुळाशी. झाडांची पेशी ज्या संप्रेरकानं फुटते, वाढते, त्याच्या मुळाशीही तशीच जोडकडी असतात. दोघी एकाच घराण्यातल्या. गोळी विषाणूला फसवते, आपण त्याच्या कामाची वीट आहोत असं भासवून त्याच्या भिंतीत शिरते आणि बांधकाम बंद पाडते. हे ऐकताना तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि पदर बरगडीला लागू नये म्हणून हातानं धरून ठेवला होता.

"मंग झाडाची दवा आन् माणसाची दवा, दोघी चुलत बहिणी झाल्या ना?"

"चुलत असल्या म्हणून काय एका ताटात जेवतात?"

"आमच्या घरी जेवते," तुम्ही म्हणालात.

पुळ्या सुकल्या पण दुखणं गेलं नाही. कातडीखाली विस्तव ठेवल्यासारखं वाटतं म्हणायचात. काही महिने तुम्हाला साधं कापड अंगाला सहन व्हायचं नाही. कुशीवर निजता येत नव्हतं. एकदा मी आलो तर तुम्ही न्हाणीघरात त्या टॉनिकाची बाटली आणि कापूस घेऊन उभ्या होतात. मी बाटली हिसकावून घेतली. इतक्या मोठ्यानं मी तुमच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्या बाटलीत संप्रेरक नखाएवढंही नसतं, बाकी काय काय विरघळवणारं, फेस आणणारं घातलेलं असतं ते कंपनीलाच माहीत, कातडी जळेल, आणि तुमचा विषाणू कातडीत नाहीच, तो आत मुळाशी आहे, असं सगळं एका दमात बोलून गेलो.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "भाऊजी, मले दुखून राहिलं."

बाटली मी परत दिली नाही, आणि आजही देणार नाही. पण तुमचं ते वाक्य माझ्या कानात आहे. तोवर मला वाटायचं की हा आपला वादाचा खेळ आहे. तुम्हाला तर खरोखरीच ती दवा हवी होती.

म्हणून मी शोधत राहिलो. कॉलेजात इंटरनेट आलं तसं तास संपल्यावर बसून वाचायचो. आणि एके दिवशी सापडलं की दूर कुठंतरी लोकांनी हाच प्रश्न विचारला आहे. तुमच्या त्या चार कड्यांच्या संप्रेरकाची थोडा फेरफार केलेली भावंडं घेऊन, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर, नागिणीच्या विषाणूच्याच कुळातल्या विषाणूवर त्यांनी ती वापरून पाहिली होती, आणि विषाणूची वाढ मंदावली होती. मी छापून काढलं आणि तसाच बस पकडून दवनीवाड्याला आलो.

तुम्ही पुरणाच्या हातांनी ते कागद घेतलेत. बाप्पा! म्हणालात. मग दादाला हाक मारलीत, मग स्वातीला, मग शेजारच्या काकींना. मी मागून ओरडत होतो की बशीतल्या पेशीला ना यकृत असतं ना मूत्रपिंड, बशीत चाललेली शंभर औषधं माणसात चालत नाहीत, यातून मलम व्हायला आपली हयात जाईल. कोण ऐकतं? त्या दिवशी पुरणपोळी मला तुम्ही तुपात बुडवून दिलीत, तीही मी जिंकलेलो नसताना.

दुखणं पुढं हळूहळू कमी झालं, आपोआपच. थंडीत मात्र शेवटपर्यंत ठणकायचं.

या वर्षी तुम्ही फोन केलात की भेंडी लावली आहे, आता सोक्षमोक्ष लावू. निम्म्यांना ती टॉनिकाची दवा, निम्म्यांना नुसतं पाणी. मी म्हटलं, उपयोग नाही. तुम्हाला जे बघायचं आहे तेच तुम्हाला दिसणार, आणि मला जे बघायचं आहे ते मला. फवारणाऱ्यानं मोजायचं नाही आणि मोजणाऱ्याला माहीत असायचं नाही. तुम्हाला ही युक्ती इतकी आवडली! "म्हंजे मी तुमच्यापासून लपवायचं?" "माझ्यापासून, दादापासून, सगळ्यांपासून." "हे मले जमते," म्हणालात.

जमलं, वहिनी. फारच चांगलं जमलं.

तुम्ही दोन जुन्या साड्या फाडल्यात, लाल स्वागत समारंभातली, निळी नेहमीची. दोन सारख्या बाटल्या घेऊन त्यांच्या गळ्यातही एकेक चिंधी बांधलीत. त्या बाटल्या मिळाल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता. पण सुतक काढताना गावातल्या बायांनी घर धुतलं, आणि विहिरीजवळ दवेच्या बाटल्या दिसल्या म्हणून रिकाम्या करून, घासून, उपड्या घातल्या. चिंध्या चुलीत गेल्या. त्यांना मी काय बोलणार? त्या रडत रडत घासत होत्या. मी झाडांची पानं कॉलेजात नेऊन तपासायचा विचार केला, पण इतकं थोडं द्रव्य ओळखणारं यंत्र आमच्याकडं नाही. खोटं कशाला सांगू, मी झाडांवरच्या चिंध्यांचा वासही घेऊन पाहिला. मातीचा आला.

मग आम्ही तर्क लढवायला बसलो. दादा म्हणाला, "लाल म्हंजे दवा. तिले लाल रंग आवडे." तसं असेल तर दवेच्याच झाडांना केवडा झाला, म्हणजे तुम्ही सपशेल हरलात. स्वाती म्हणाली, "नाही, आईनं काकाले फसवासाठी उलटंच केलं असन." तसं असेल तर निळी दवेची, आणि तुम्ही असं जिंकलात की मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी दोघांचं ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघंही भेंडीबद्दल बोलतच नव्हतो. तुम्ही कशा होतात यावर भांडत होतो.

तेवढ्यात स्वातीला आठवलं. तुम्ही ओट्यावर दोन्ही चिंध्या ठेवल्या होत्या आणि फोडलेला चिंचोका उडवत होतात. पांढरी बाजू वर आली की काळी, ते पाहून ठरवत होतात. तिला वाटलं, आई एकटीच खेळते आहे. मीच सांगितलं होतं, आपल्या मनानं निवडायचं नाही, नाणं उडवायचं. तुम्ही चिंचोका उडवलात. म्हणजे तुमची आवड, तुमचा खोडकरपणा, तुमचा लाल रंग, यातलं काहीच कामाचं नाही. इतक्या वर्षांत माझं एक म्हणणं तुम्ही पूर्णपणे ऐकलंत, ते हे. मी तिथंच ओट्यावर बसून रडलो. तेरवीपर्यंत आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

मला हवं होतं की तुमची बाजू खरी निघावी. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही, कारण तुमच्याशी भांडण्यात मजा होती. तुमच्या बरगडीसाठी हवं होतं. आता बरगडी राहिली नाही, तरी हवं आहे.

काल निघायच्या आधी मी पुन्हा वाडीत गेलो. दोन्ही रंगांच्या झाडांवर काही भेंड्या न तोडता ठेवायच्या, बी धरायचं, असं स्वातीला सांगत होतो. दादा मागून आला. तुम्हाला माहीत आहे, आपल्या सगळ्या भांडणांत दादानं एकदाही तोंड घातलं नाही, कायले डोकं खाता एवढंच म्हणायचा. तो एका पिवळ्या पानावरून बोट फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "का रे, या झाडाले रक्त तं राहत नाही. मंग हे लढते कशानं?"

मी त्याला जागल सांगितली. तुमची आहे हेही सांगितलं. त्यानं मान हलवली.

"पुढच्या पावसाळ्यात मी फवारतो," तो म्हणाला. "तू मोजजो."

मी म्हटलं, कोणता रंग कशाचा हे मला सांगायचं नाही.

"तुले कायले सांगू? तिले सांगीन." त्यानं घराकडं हात केला, जिथं ओसरीवर तुमचा फोटो लावला आहे.

शास्त्राच्या दृष्टीनं ही पद्धत बरोबर नाही, वहिनी. रंग स्वातीच्या कानावरही घालून ठेव, एवढंच म्हणालो आणि बसला निघालो.

म्हणजे पुढच्या पावसाळ्यातही मी वाडीत मोजत बसेन, आणि कोणती चिंधी कशाची ते तुम्हाला माहीत असेल, मला नसेल.